अंजूचं डोरलं

राख सावडायला बाईमाणसानं जायचं नसतं म्हणे. मंदाबाईनं कोणाचं ऐकलं नाही. तिची लेक अंजू हिंगणीला सासरच्या विहिरीत सापडली होती, अन् आता तिच्या राखेत मंदाबाईला मंगळसूत्राचं डोरलं शोधायचं होतं.

त्या डोरल्यानंच पोरीचं जिणं हराम केलं. प्रभाकररावांनी ते लेकीच्या लग्नात आर्वीच्या आपल्या सोनारकीच्या दुकानात स्वतः घडवलेलं. बापाच्या हातचं सोनं, त्याला हॉलमार्क कशाला? पण अंजूच्या गळ्यावर काळा डाग उमटू लागला, अन् सासरे वासुदेवराव गावभर सांगत सुटले, "अस्सल इकून खोटं घातलं हिनं. चोट्टी!" अंजू रडत माहेरी आली.

"घामानं होते तसं," प्रभाकरराव म्हणाले. "बावीस कॅरेट हाय ते."

मंदाबाईनं नवऱ्याचा शब्द प्रमाण मानला अन् पोरीची ओटी भरून तिला परत एसटीत बसवलं. कुठून आठवली, बाई, ती अवदसा!

चितेवर डोरलं उतरवू दिलं नाही तेही तिनंच. "चोख सोनं आगीतून पिवळंच निघते. माही पोरगी चोट्टी नव्हती, आगच सांगन." नवऱ्यानं तेव्हा 'उतरवून घे' म्हणून केवढा धोशा लावला होता! सोन्याचा लोभ सुटत नाही मेल्याला, असं तिला वाटलं.

डोरलं निघालं. काळंठिक्कर.

"पाहा विहीणबाई," वासुदेवराव म्हणाले, "आता तरी पटलं?"

घडीभर मंदाबाईलाही वाटलं, पोरीनं खरंच विकलं की काय. तिनं ते पदरानं खसाखसा घासलं, उलटं केलं. मागं दोन बारीक ठिपके होते. प्रभाकरराव आपल्या हरेक दागिन्यावर तेच ठोकत. डोरलं कोणी बदललंच नव्हतं.

"हे तं तुमच्याच हातचं हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

प्रभाकररावांची मान वर होईना. "निखळ सोनं लय नरम असते, मंदा. टिकावं म्हून तांबं जरा जास्त टाकलं."

मंदाबाई रडली नाही. ती व्याह्यांकडे वळली. "माह्या अंजूनं काईच इकलं नाई. चोट्टा हा उभा हाय."

मग तिनं ते काळं डोरलं नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं अन् त्याची बोटं मिटवली.

"घ्या. टिकलं."