अडलं तर अंकुशला विचारा

पनवेलच्या त्या ऑफिसात नवी वेबसाइट करायला घेतली की सगळे डोळे मिटून अंकुशची बिल्ड फाइल उचलायचे. जावास्क्रिप्टचे विखुरलेले तुकडे ब्राउझरला चालतील असे एकत्र बांधायची ती फाइल; किचकट, आणि अंकुशशिवाय कुणाच्या बापाला कळत नसे. फाइलच्या डोक्यावर त्याने लिहून ठेवलं होतं, ‘अडलं तर अंकुशला विचारा’, आणि खाली मोबाइल नंबर. मागच्या वर्षी द्रोणागिरीच्या रस्त्यावर ट्रेलरने त्याची बाइक चिरडली. माणूस गेला, फाइल मात्र प्रत्येक नव्या कामात कॉपी होत राहिली.

शेवटी ऑफिसचे प्रमुख भावेशसर यांनी दिपाला अशी फाइल आपोआप बनवणारं टूल करायला सांगितलं. चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, तयार फाइल घ्यायची. दिपा सहा वर्षं अंकुशच्या शेजारी बसलेली. टूलचा साचा म्हणून तिने त्याचीच फाइल घेतली. त्याच आठवड्यात नव्या कोमलने, बिचारीला काय ठाऊक, तो नंबर लावला. त्याच्या आईने उचलला, तो बाहेर गेलाय म्हणाली, असं कोमलने येऊन सांगितलं. म्हातारीला दर वेळी असं खोटं बोलावं लागतं, या विचाराने दिपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ती ओळ साच्यातून काढली, जुन्या कामांतूनही शोधून शोधून पुसली.

वर्षश्राद्धाला ती त्याच्या गावी गेली. फोटोखाली अंकुशचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. जेवणं उरकल्यावर त्याच्या आईने, भामाकाकूंनी, तिला बाजूला घेतलं.

“पयले तुमच्या हापिसातली पोरा फोन करीत. अंकुश हाय का, इचारीत. मी सांगं, भायेर गेलाय. आता चार म्हयने झाले, कोनी इचारत नाय. त्याच्याबिगर चालतं ना गो तुमचं?”

दिपाला खरं सांगायचा धीर झाला नाही. कामं कमी आहेत सध्या, असं काहीतरी ती पुटपुटली. घरी येईपर्यंत तिला स्वतःची चीड येत होती.

सोमवारी सगळे जेवायला गेल्यावर तिने ऑफिसच्या फोनवरून तो नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“अंकुश आहे का?” तिने आवाज बदलून विचारलं.

“भायेर गेलाय,” काकू घाईने म्हणाल्या. त्यांचा इतका मोकळा आवाज दिपाने वर्षभरात ऐकला नव्हता. “काय अडलंय, सांग बाय. आला का सांगते त्याला.”

काय सांगावं म्हणून दिपाने समोरच्या स्क्रीनकडे पाहिलं. टूलने दिलेली फाइल एका दमात चालली होती.