टॅनरीच्या वळणावरचे बत्तीस खांब

सोमवारच्या कामांचा कागद गुरुवारी सकाळीच कॉफीच्या यंत्राशेजारी लागला आणि तो वाचून व्हर्ना क्रेब्जच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच ओळीत होतं: टॅनरीचं वळण, कठड्याच्या खांबांभोवतीचं तण काढणे, ग्रास कटर, माणसं दोन. दोघांतलं एक नाव तिचं होतं. दुसरं एप्रिलमध्ये भरती झालेल्या कुणा नवख्याचं होतं.

ती जागा डेल्मर होगची. बावीस वर्षं ती दोघं मिळून काउंटीच्या रस्त्यांच्या कडा साफ करत होती. एकाच ट्रकमध्ये बसून डबा खायची. तो रोज तेच तेच हॅम सँडविच आणायचा आणि रोज तिच्या डब्यात डोकावून म्हणायचा, "तुझं काय आहे गं?" गेल्या ऑगस्टमध्ये त्याच वळणावर, सतराव्या खांबापाशी तो वाकून तण कापत होता. कानांवर आवाज अडवणारी टोपणं होती, त्यामुळे मागून येणारी पिकअप त्याला ऐकूच आली नाही. चालवणाऱ्याचं लक्ष फोनमध्ये होतं. त्याचं लायसन वर्षभरासाठी गेलं, एवढीच काय ती शिक्षा. डेल्मरला पुरलं, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दुखवट्याच्या जेवणाला सगळ्यांनी बटाट्याचं सॅलड खाल्लं, आणि तीन आठवड्यांत सतराव्या खांबाभोवती तण पुन्हा गुडघाभर वाढलं. तणाला कुठली आलीये लाज!

त्या वळणाचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं. ट्रॅक्टरचं कापणीयंत्र कठड्याखाली शिरत नाही. तणनाशक मारायचं म्हटलं तर खाली ओढा आहे आणि ओढ्याकाठी गावाच्या पाण्याच्या विहिरी आहेत, तेव्हा तेही बंद. आणि तण वाढू द्यायचं म्हटलं तर कठड्यावरच्या चमकत्या पट्ट्या झाकल्या जातात, धुक्यात गाडीवाल्याला वळण दिसत नाही. उरतं काय? माणूस. कठडा आणि डांबर यांच्यामध्ये दीड हात जागेत, रहदारीकडे पाठ करून उभा केलेला जिवंत माणूस. वर्षातून चार वेळा.

व्हर्नाने तो कागद टाचणीसकट ओढून काढला, चोळामोळा केला आणि रस्ते खात्याच्या यार्डाच्या मुकादमापुढे, टिप्टनपुढे आपटला.

"मी जाणार नाही. त्या पोरालाही जाऊ देणार नाही. कळलं?"

"व्हर्ना, हे माझ्या हातात नाही."

"तुझ्या हातात कधी काय असतं रे? डोनट?"

टिप्टनच्या हातात खरोखरच डोनट होता. त्याने तो गुपचूप खाली ठेवला. "आज संध्याकाळी काउंटीची सभा आहे," तो म्हणाला. "तिथं बोल. मी मागं उभा राहीन."

"मागं! तू कायम मागंच."

संध्याकाळी ती कामाचे बूट न बदलताच सभेला गेली. भाषण तिने मनात शंभरदा म्हणून पाहिलं होतं. शेजारच्या काउंटीने कठड्यांखाली काँक्रीटची पट्टी ओतली होती. खांबाच्या दोन्ही अंगांना हातभर काँक्रीट, गवताचं पातं उगवायला जागा नाही. हिवाळाभर ती यार्डात त्यासाठीच भांडली होती. तिला तेच हवं होतं, त्या एकाच वळणावर, सोमवारच्या आत. सोमवारी नाही जमलं तर निदान जमेपर्यंत तिथे कुणाला धाडायचं नाही, असं लिहून हवं होतं.

ती बोलली. सभ्यपणे सुरुवात केली, पण तिसऱ्या वाक्याला आवाज चढला. "तुमच्यापैकी कुणी त्या दीड हातात उभं राहिलंय? एकदा तरी? गाडी जवळून गेली की पँटचा पाय फडफडतो. डेल्मरचा बावीस वर्षं फडफडत होता. तुम्हाला तण दिसलं, तो दिसला नाही!"

अध्यक्ष मिसेस ब्रूबेकर. वयस्कर बाई, गळ्यात चष्म्याची दोरी. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, पुढ्यातली फाईल चाळली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "व्हर्ना, याच वळणासाठी चार वर्षांपूर्वी आम्ही टायरच्या रबराच्या चटया घेऊन दिल्या होत्या. खांबाभोवती बसवायच्या, खाली तण उगवत नाही. बत्तीस खांब, बत्तीस चटया. त्या पोचल्या, असं तुमच्याच यार्डानं कळवलं होतं. कुठं गेल्या त्या?"

सगळा हॉल टिप्टनकडे वळला. टिप्टन टोपीच्या आत काहीतरी लिहिलेलं असावं तसा टोपीत बघत होता.

बाहेर पार्किंगमध्ये व्हर्नाने त्याला त्याच्या गाडीच्या दाराशी गाठलं. अजून उजेड होता. माणसं बाहेर पडत होती आणि मुद्दाम रेंगाळत होती. तिला कुणाची पर्वा नव्हती.

"बत्तीस चटया! आणि तू डेल्मरला ग्रास कटर देऊन पाठवत राहिलास? त्याच्या शवपेटीला खांदा दिलास ना रे तू? लाज नाही वाटली?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? डेल्मरच्या इमोजेनला ऐकू जाईल म्हणून? जाऊ दे! तिला कळू दे तिचा नवरा कशापायी गेला ते. कुठं आहेत चटया? विकल्यास?"

टिप्टनचा चेहरा लाल झाला. हा माणूस वीस वर्षांत कधी कुणावर ओरडला नव्हता. आताही ओरडला नाही. "तुझ्या मागच्या दारात काय आहे, व्हर्ना?"

"माझ्या दारात? माझ्या दाराचा इथं काय..."

आणि ती थांबली.

मागच्या दारात एक जाड काळी रबरी चटई होती. जेवणाच्या टेबलाएवढी, मध्ये गोल भोक, भोकापासून कडेपर्यंत एक चीर. रोज संध्याकाळी ती तिच्यावर बुटांचा चिखल पुसायची. तीन वर्षं.

"मिठाच्या शेडमागं पडल्या होत्या," टिप्टन म्हणाला. "मी तुम्हा दोघांना सांगितलं, जाऊन बसवा. डेल्मर तयार होता. तू काय म्हणालीस, आठवतंय? एकेक धूड सत्तर पौंडाचं, कोण उचलणार, माझी कंबर गेलीये. ग्रास कटरनं अर्ध्या दिवसाचं काम आहे, उगाच कशाला. असं म्हणालीस."

"मी..."

"मग मी सोडून दिलं. मी मुकादम, मी जोर करायला हवा होता, ते माझं. मी नाही म्हणत नाही. हिवाळाभर त्या बर्फात पडल्या. मग मी म्हटलं, ज्याला हव्यात त्यानं न्याव्यात. सगळ्यांनी नेल्या. तुझी तर डेल्मरनंच आणून टाकली."

खरं होतं. सगळं आठवलं तिला. डेल्मर ती चटई पाठीवर घेऊन अंगणात आला होता, धापा टाकत, हसत. भोकाकडे बोट दाखवून म्हणाला होता, "म्हातारी झालीस की काठी ठेवायला बरं." तिने त्याला घरी केलेला पीचचा केक दिला होता. काँक्रीटसाठी हिवाळाभर भांडताना रोज त्याच चटईवरून ती आत-बाहेर करत होती, आणि एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आपल्याला हवं ते विसरायला माणसाचं डोकं किती तरबेज असतं! तिने टिप्टनच्या गाडीच्या दारावर लाथ घातली. दाराला खड्डा पडला.

रागाची गंमत अशी की तो कुणावर काढायचा हे ठरलेलं असलं की बरा असतो. दहा महिने तिचा राग ठरलेला होता. फोनवाल्या पोरावर, काउंटीवर, टिप्टनवर. आता तो परत घरी आला होता आणि तिला झोपू देत नव्हता.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ती डेल्मरच्या घरी गेली. इमोजेन मागच्या अंगणात कुत्र्यांच्या जाळीघराशी होती. डेल्मरची तीन बीगल कुत्री व्हर्नाला बघून नेहमीसारखी नाचायला लागली. त्यांच्या पायांखाली सहा रबरी चटया होत्या. भोकांवर कॉफीच्या डब्यांची झाकणं बसवलेली. डेल्मर हाताचा नीटनेटका.

व्हर्नाने आडपडदा न ठेवता सांगितलं. चटया कशासाठी होत्या ते. कोण काय म्हणालं होतं ते. शेवटी, "मी म्हणाले होते," असं दोनदा म्हणाली, कारण पहिल्यांदा इमोजेनच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"तू म्हणालीस," इमोजेन म्हणाली. "आणि त्यानं ऐकलं."

"हो."

"तुझं ऐकायचाच तो. माझं नाही ऐकलं कधी. मी म्हणायची, यार्डात आतलं काम माग. तर म्हणायचा, व्हर्ना एकटी पडेल." तिने हातातली पाण्याची नळी जमिनीवर टाकली. पाणी वाहत राहिलं. "रोज सकाळी या रबरावर उभा राहून कुत्र्यांना खायला घालायचा. याच्यावरच! आणि मग तिकडं जाऊन..."

"इमोजेन, मी..."

"सॉरी म्हणू नकोस. खबरदार म्हणालीस तर. कशाला आलीस? न्यायला ना? ने."

तिने कुत्री बाहेर काढली, जाळीचं दार सताड उघडलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. व्हर्नाने पहिली चटई कडेनं धरली. ती जमिनीला चिकटून बसली होती. खाली ओली माती आणि पांढरट गांडुळं होती, गवताची काडी नव्हती.

"जड आहे?" इमोजेनने विचारलं.

"आहे."

"कंबर दुखतेय?"

"हो."

"दुखू दे. एकटीनं उचल. साही."

व्हर्नाने साही एकटीने उचलल्या. शेवटच्या खेपेला ती ट्रकला टेकून उभी राहिली तेव्हा तिच्याने सरळ होववेना. इमोजेन आत निघून गेली होती. जाताना तिने झाकणं गोळा करून नेली होती.

बाकीच्यांना चटया वळणावर परत आणायला सांगायचं काम टिप्टनने केलं. सांगितलं म्हणजे दारोदार गेला. शनिवारी सकाळी आठ वाजता ती वळणावर पोचली तेव्हा तो तिच्या आधी आला होता. रस्त्यावर नारिंगी शंकू मांडलेले, आणि वळणाच्या अलीकडे दिव्यांचा बाण दाखवणारा मोठा ट्रक आडवा लावून एक बाजू पूर्ण बंद केलेली. सुट्टीच्या दिवशी काउंटीचा ट्रक काढायची परवानगी त्याने मागितली नव्हती.

"गेल्या ऑगस्टमध्ये हा ट्रक कुठं होता?" व्हर्ना म्हणाली.

"जत्रेच्या पार्किंगला."

"माझ्याशी बोलू नकोस. चटई धर."

लोक येत गेले. कुणाच्या गाडीत दोन, कुणाच्या तीन. घोड्याच्या तबेल्यातल्या, गॅरेजमधल्या, एक पोरांच्या झोपाळ्याखालची. टिप्टनने स्वतःच्या दोन कापून मासेमारीच्या होडीत बसवल्या होत्या. त्या त्याने उचकटून तुकड्या-तुकड्यांनी आणल्या आणि ते तुकडे कोड्यासारखे जुळवत बसला. मुळासकट तण उपटायचं, माती चोपून सपाट करायची, चीर उघडून चटई खांबाला गळपट्ट्यासारखी घालायची, दुसरीवर कड चढवायची, लांब खिळे ठोकायचे. नवखा पोरगा खिळे ठोकायला सगळ्यांत तरबेज निघाला. बंद बाजूच्या पलीकडून गाड्या सावकाश जात होत्या, एक-दोघांनी उशीर होतो म्हणून भोंगा वाजवला. व्हर्नाने त्यांना अशा काही शिव्या घातल्या की पोरगा हातोडी धरून बघत राहिला.

सतरावा खांब तिने शेवटी ठेवला होता. तिथे तिची स्वतःची चटई, मागच्या दारातली. भोकातून उगवलेलं एक पिवळ्या फुलाचं रोपटं अजून चिकटून होतं. तीन वर्षांत तिच्या दारापुढे तेवढ्याच जागी तण आलं होतं. तिने ते खुडून फेकलं. टिप्टनने एक कड धरली, तिने दुसरी. चटई खांबाभोवती नीट बसली, जणू मापानेच केलेली. होतीच मापाने केलेली.

शेवटचा खिळा तिने ठोकला. एकाच घावात बसला असता, पण ती ठोकतच राहिली, खिळ्याचं डोकं रबरात रुतेपर्यंत आणि नंतरही.

"व्हर्ना, पुरे," टिप्टन म्हणाला. "हे बघ, तुझी एकटीची काही..."

"गप्प बस. किती वाजले?"

त्याने घड्याळ पाहिलं आणि हात पाठीमागे नेला.

"किती वाजले विचारलं मी!"

"पावणेबारा."

ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. बत्तीस खांब, आठ ते पावणेबारा. अर्धा दिवससुद्धा पुरता लागला नव्हता.