मेव्हण्याने आणलेला टेन्शनर

मी एक टेन्शनर बोलतोय. मोटारीच्या इंजिनात एक लांबलचक पट्टा वळणं घेत फिरतो, त्याला ताणून धरणं हे माझं काम. माझी स्प्रिंग ढिली पडली की पट्टा सुटतो, पाण्याचा पंप थांबतो आणि गाडी तापून रस्त्यातच बसते.

जन्म माझा कोरियातला. उमेदीची वर्षं एका टॅक्सीत गेली. ती आपटली आणि मी झर्का शहरातल्या भंगारात येऊन पडलो. तिथून मला झैफल्लानं उचललं, पुसून चकचकीत केलं आणि शोबक गावी बहिणीकडे नेलं. तिचा नवरा मिस्काल. त्याची सात आसनी गाडी महिनाभर किंचाळत होती. याच गाडीतून तो खितामला, म्हणजे झैफल्लाच्या या बहिणीला, एक दिवसाआड रक्तशुद्धीच्या यंत्रावर, म्हणजे डायलिसिससाठी, मआनच्या इस्पितळात नेतो.

मिस्त्री बर्जस अंगणात नवा पट्टा घेऊन बसला होता. त्यानं मला दाबून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "यात जीव नाही. पट्ट्यासोबत हाही नवाच घाला."

"नवा म्हणजे नकली माल!" झैफल्ला उसळला. "हा कंपनीचा अस्सल आहे. दाजी, एवढ्या लांबून तुमच्यासाठी आणला, आणि हा त्याला नावं ठेवतो?" त्यानं कॉफीचा पेला ओठांना न लावता खाली ठेवला.

पाहुण्यानं पेला असा ठेवला, की यजमानानं त्याचा शब्द राखायचाच. मिस्काल खाली बघत म्हणाला, "बसव रे बर्जस." झैफल्लानं खुशीत कॉफी संपवली. मी आतल्या आत तडफडलो, पण लोखंडाचं कोण ऐकतंय!

चार खेपा मी जिवावर उदार होऊन काढल्या. आज निम्म्या वाटेत पट्टा सुटला. वाफेचा लोट उठला. मागच्या सीटवर खितामचे पाय सुजलेत, तिला धाप लागलीय.

"अहो, यंत्रावरचा माझा नंबर गेला का हो?"

"थांबतील इस्पितळवाले," मिस्काल म्हणाला. ते थांबत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानं मेव्हण्याला फोन लावला. "पट्टाच नकली असणार!" पलीकडून आवाज आला. "दाजी, हलू नका. दुसरा अस्सल टेन्शनर घेऊन निघालोच!"

"जपून ये," एवढंच मिस्काल म्हणाला.

झर्का इथून तीन तासांवर आहे. मला लाज वाटते आणि रडूही येतं. या रस्त्यानं कुणी येत असाल, तर गाडीकडे बघू नका. आधी खितामला मआनला पोचवा.