नाक खाली, दोन

दुपारी चार वाजले की मी पडदे ओढून घ्यायची. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंतच दिसते, पण तेवढा उजेडही काचेवर पडला की मास्तरांना आकाश दिसत नाही. म्हणजे कॉम्प्युटरमधलं आकाश. मग त्यांची चाकांची खुर्ची टेबलाला लावायची, ब्रेक दाबायचे, त्यांचा उजवा हात जॉयस्टिकवर ठेवून द्यायचा आणि त्यांच्या डाव्या बाजूला लाकडी खुर्ची ओढून बसायचं. माझ्या पुढ्यात कीबोर्ड. त्यातल्या दोनच कळा माझ्या, आकड्यांमधली सात आणि एक. सात दाबली की विमानाचं नाक खाली, एक दाबली की वर. अंधारात चुकू नये म्हणून सातवर मी कापडाचा बारीक तुकडा चिकटवला होता. सहा वाजेपर्यंत हे चालायचं. तीन वर्षं चाललं.

मास्तर म्हणजे माझे यजमान. विमान शिकवणाऱ्या क्लबात त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं. तिथला शिपाईसुद्धा त्यांना मास्तर म्हणायचा, आणि मी लग्नाच्या आधीपासून तिथे कामाला होते, म्हणून लग्नानंतरही मी तेच म्हणत राहिले. मी वर्कशॉपमध्ये शिलाईला होते. त्या काळी आमच्या विमानांच्या पंखांवर कापड असायचं. लाकडी फासळ्यांवर ते ताणून बसवायचं, लांबलचक सुईने मेण लावलेला दोरा आरपार काढायचा आणि दर टाक्याला गाठ मारायची. पंख उभा केलेला असायचा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हेडमेकॅनिकची बायको. सुई तिच्या बाजूला निघाली की ती परत माझ्याकडे ढकलायची. दिवसभर आम्ही एकमेकींना दिसायचो नाही, फक्त सुई दिसायची आणि आवाज ऐकू यायचा. एका पंखात दोघींच्या सासरचा पुरता उद्धार होऊन जायचा. माझं सासर तेव्हा ठरलेलंसुद्धा नव्हतं, पण मी तिच्या सासरावर भागवून घ्यायची. मास्तर मला तेव्हापासून ‘शिलाई’ म्हणतात.

हेडमेकॅनिकचा एक नियम होता. ज्याने पंख शिवला, त्याने त्या पंखाच्या विमानात बसून एकदा तरी उडायचं. टाके आपोआप घट्ट पडतात, असं तो म्हणायचा. म्हणून एका सकाळी मी मास्तरांच्या शेजारच्या सीटवर बसले. वर गेल्यावर त्यांनी दांडा माझ्या हातात दिला. मी तो असा आवळून धरला की दंडात पेटके आले. विमानाचं नाक सारखं वर जायला बघत होतं आणि मी ते सगळ्या अंगाचा जोर लावून खाली दाबत होते.

“हाताला जोर लागतोय ना? मग काहीतरी चुकतंय,” मास्तर म्हणाले. “धरून ठेवणं हे आपलं काम नव्हे.”

दोन सीटांच्या मधे एक चाक होतं. ते त्यांनी डाव्या हाताने हळूहळू फिरवलं. त्या चाकाची तार शेपटीपर्यंत जाते. तिथे आडव्या पंखाच्या मागच्या कडेला एक अरुंद पट्टी असते, तिला ट्रिम म्हणतात. मी ती कितीतरी वेळा मढवली होती, पण ती कशासाठी असते ते माझ्या हाताला त्या दिवशी कळलं. चाक फिरत गेलं तसा मुठीतला जोर उतरत गेला, उतरत उतरत नाहीसा झाला. “आता सोड,” ते म्हणाले. मी सोडला. विमान सरळ चाललं होतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते आणि खाली आमच्या वर्कशॉपचं पत्र्याचं छप्पर काडेपेटीएवढं दिसत होतं. त्यानंतर इतकी मोकळी मी कधी बसले असेन तर मला आठवत नाही.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांना झटका आला आणि डावी बाजू गेली. वाचा महिन्याभरात परत आली. हातपाय आले नाहीत. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी हे कॉम्प्युटरचं विमान आणून एका दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतलं. उजवा हात जॉयस्टिकसाठी होता. ट्रिम मात्र जन्मभर डाव्या हाताची, म्हणून त्यांचा डावा हात मी झाले. “नाक खाली, दोन,” ते म्हणायचे आणि मी सात दोनदा टिचकवायची. “वर, एक.” मी एक दाबायची. सुरुवातीला मला बरं वाटायचं. मग अंगवळणी पडलं. मग एक दिवस लक्षात आलं की आपण संध्याकाळ बघितली त्याला किती दिवस झाले, ते आपल्याला सांगता येणार नाही.

एक तारखेला धाकटीचा फोन आला. माझी धाकटी बहीण, वय बहात्तर. वीस तारखेला ती कायमची मुलीकडे जाणार होती, समुद्रापलीकडे. घर आवरायला काढलं होतं. म्हणाली, अकराला ये, आठ दिवस राहा, आईच्या पेट्या मी तुझ्याशिवाय उघडणार नाही. आणि मग म्हणाली, “आता आली नाहीस ना, तर आपण एकमेकींसाठी फोनवरच मरू.”

मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “जा की. मी कुठे धरून ठेवलंय?” आणि जरा वेळाने, “फक्त चार ते सहाचं काय ते बघ.”

सकाळी येणारी नर्सबाई आठ दिवस दिवसरात्र राहायला तयार होती. तिला मी रंगीत तालीम म्हणून चार वाजता माझ्या खुर्चीवर बसवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पंधरा मिनिटांत विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात. मास्तर म्हणाले, तिच्या बोटांना कान नाहीत. ती म्हणाली, आजोबा, या बोटांनी मी हजारो इंजेक्शनं दिलीत, एकानेही तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी रात्रीच्या गोळ्या तोंडात धरून ठेवल्या आणि गिळल्या नाहीत. मी काय समजायचं ते समजले आणि खुर्चीवर परत जाऊन बसले.

पण धाकटीचं ते वाक्य डोक्यातून जाईना. चार तारखेला मास्तर आंघोळीला गेले होते, तेव्हा मी ज्याने ते मशीन बसवलं होतं त्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. म्हटलं, जॉयस्टिकलाच ट्रिम जोडता येत नाही का? बुडाशी एक सरकती कळ आहे, ती चालेल का? तो म्हणाला, ती नको, ती डाव्या हाताची. दांड्याच्या डोक्यावर अंगठ्याखाली गोल बटण आहे ना, चारी बाजूंना ढकलता येतं ते? पुढे ढकललं की नाक खाली, मागे ओढलं की वर. मग म्हणाला, “पण आजी, ते तर मी पहिल्याच दिवशी जोडून दिलं होतं. सरांकडून दाबून घेतलं होतं. काढलं कुणी?”

मी फोन हातात धरून उभी राहिले. आत नर्सबाई नळ बंद करत होती. मी म्हटलं, चुकून निघालं असेल, परत कसं जोडायचं ते सांगा.

त्याने एकेक पायरी सांगितली आणि मी चष्मा पुसत ती करत गेले. सेटिंग, त्यात कंट्रोल, त्यात लांबलचक यादी. ‘ट्रिम, नाक खाली’ यासमोर ‘सात’ लिहिलेलं होतं आणि त्याच्या शेजारची चौकट रिकामी. रिकाम्या चौकटीवर क्लिक करायचं आणि अंगठ्याचं बटण पुढे ढकलायचं. मशीनने विचारलं, हे बटण इकडेतिकडे बघायला वापरलं जातंय, तिथून काढू का? मी म्हटलं, काढ बाबा. बघायला आहे काय एवढं. मग तसंच नाक वर. दाबलं, जतन केलं, पडद्यावरचं सगळं होतं तसं ठेवलं. मेणाचा दोरा ओवण्याइतकंही अवघड नव्हतं.

चार वाजता मी खुर्चीवर बसले, पण हात मांडीवर ठेवले. विमान उठलं. “नाक खाली, दोन,” मास्तर म्हणाले. मी म्हटलं, अंगठ्याखाली आहे, तुम्हीच द्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अंगठा पुढे ढकलला. एकदा, दोनदा, पाच वेळा. नाक खाली गेलं ते जातच राहिलं आणि एका मिनिटात आम्ही तळ्यात होतो. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. त्यांचं कपाळ घामाने ओलं झालं. मग म्हणाले, बघितलंस? म्हणून काढलं होतं. खऱ्या विमानात दांडा जागच्या जागी धरायचा आणि हाताला हलकं लागेपर्यंत ट्रिम द्यायची. इथे हलकं लागतच नाही. जॉयस्टिकला आत स्प्रिंग आहे, आणि ती कुणाचं ऐकत नाही. ट्रिम कितीही द्या, ती आपली हात मधे ढकलत राहते. मी तोंडाने सांगतो तेव्हा मला हिशेब कळतो. पण अंगठा स्वतः द्यायला लागला की हात चाळीस वर्षांपूर्वीचं करतो.

खोटं नव्हतं ते. मी त्यांचा हात बघत होते. मूठ पांढरी पडली होती, जशी त्या सकाळी माझी पडली असेल.

म्हटलं, तुम्हाला हलकं लागायची वाट बघायची नाही. अंगठ्याने एक टिचकी द्या आणि तेवढाच दांडा मधे येऊ द्या. परत एक टिचकी, परत थोडा सोडा. आपणच सोडायचं, ती सोडवणार नाही.

“हे मला तू शिकवणार?”

“दुसरं कोण आहे इथे?”

पाच तारखेपासून आम्ही तेवढंच केलं. मी टिचकी मोजायची आणि ते सोडायचे. मास्तर विद्यार्थ्यांवर ओरडायचे नाहीत, म्हणून मीही ओरडले नाही, पण दोनदा त्यांच्या मनगटावर चापट मारली, तेवढं मात्र तेही करायचे. सात तारखेला विमान सरळ चाललं. आठला ते वळले. नऊ तारखेला, मी मागे दारात उभी असताना, त्यांनी चक्कर मारली आणि उतरवलं. धावपट्टीच्या मधोमध. नर्सबाईने टाळ्या वाजवल्या. मास्तर पडद्यावरच्या धावपट्टीकडे बघत राहिले. मला वाटलं, आनंदाने.

दहाला संध्याकाळी मी बॅग भरत होते म्हणून बसले नाही. ते म्हणाले, आज नको, उद्या एकदम.

अकराला सकाळी टॅक्सी दहा वाजता येणार होती. साडेआठला सहज, चालतंय ना बघावं, म्हणून मी मशीन लावलं आणि बटण ढकललं. नाक हललं नाही. सेटिंगमध्ये गेले. चौकट रिकामी.

मास्तर खिडकीपाशी होते, भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं, “काढलंत?”

“काढलं.”

“जमत होतं की तुम्हाला.”

“जमतंय म्हणूनच काढलं,” ते म्हणाले. “मला जमलं की तू कशाला बसशील इथे?”

मी म्हटलं, तीन वर्षांत एकदा ‘बस’ म्हणायला काय झालं होतं? बसले नसते का?

“बस म्हटलं की तू उठतेस आणि चहा टाकतेस. मग गोळ्या काढतेस. मग चादर बदलतेस. नाक खाली म्हटलं की बसतेस.”

नर्सबाई दारात येऊन परत गेली. मला वाटलं, टॅक्सीला नको म्हणून सांगावं. फोन हातात घेतलासुद्धा. मग त्यावर धाकटीचा कालचा निरोप दिसला. पडदेसुद्धा काढून बांधलेत, तू ये, असा.

मी फोन ठेवला. टेबलाशी बसले, यादी उघडली, दोन्ही चौकटी भरल्या, जतन केलं. मग टेबलाखाली वाकून कीबोर्डची वायर उपसली, तिची घडी घातली आणि कीबोर्ड बॅगेत साड्यांच्या वर ठेवला. चेन अर्धीच लागली.

“हे काय?” मास्तर म्हणाले.

“आता परत काढलंत, तर सात दाबायला घरात सातच नाही. खाली उतरायचं तर अंगठ्याने उतरा.”

मग त्यांचं तोंड उजव्या बाजूला, जेवढं हसतं तेवढं, हसलं. “चोर,” म्हणाले. “क्लबातून सुया न्यायचीस तेव्हापासून.”

धाकटीच्या घरात सगळीकडे खोकी होती. आम्ही जमिनीवर बसून आईची पहिली पेटी उघडली. खिडक्या उघड्याबोडक्या होत्या. दुपार कलली तसं ऊन भिंतीवरून सरकत पेटीत आलं, आणि मी त्या उन्हाकडेच बघत होते, तेव्हा धाकटी म्हणाली, अगं, ही काय बॅगेतून फळी आणलीस? मी कीबोर्ड काढून मांडीवर ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, “आणि त्यांनी आज उडवलंच नाही तर?”

मी घड्याळ बघायला मान वर केली. भिंतीवर त्याच्या खिळ्याची खूण तेवढी उरली होती, त्यामुळे वेळ कळत नव्हती.

फोन आला तेव्हा ऊन पेटीतून निघून दारापाशी गेलं होतं. नर्सबाई होती. म्हणाली, आजोबा उतरले. दोनदा आपटले, पण उतरले. आणि विचारतायत, कीबोर्ड कधी येणार?

“एकोणीसला,” मी म्हटलं.

फोन ठेवला आणि पेटीतलं पुढचं घ्यायला हात उचलू गेले, तेव्हा दिसलं की माझं बोट सातवर आहे. कधीपासून होतं, कोण जाणे.