माळ्यावरचे डबे

भोंग्याची रिक्षा गल्लीतून दुसऱ्यांदा गेली, तेव्हा दशरथच्या चक्कीत अनंत सरांचा गहू होता. खडकवासल्यातून पाणी वाढवून सोडणार आहेत, नदीकाठच्या लोकांनी सामान हलवावे, असे काहीतरी रिक्षातला माणूस सांगत होता. गिरणीच्या घरघरीत शब्द नीट कळत नव्हते. दशरथला मात्र ते पहिल्या फेरीलाच उमगले होते.

"बंद करा आता. मोटर वर घ्या," त्याची बायको गोदाबाई म्हणाली.

"सरांचं हुंदे."

"गेल्या साली बी असंच म्हनला व्हता."

गेल्या पावसाळ्यात नदी गाळ्यात शिरली होती. मोटर बुडाली, ते एक झाले. पण लोकांचे डबे तरंगत रस्त्यावर गेले, ते दशरथच्या जिवाला लागले. आपल्याकडे माणूस गिरणीत डबा ठेवतो, मंडईत जाऊन येतो, वाटेत कोणी भेटले तर त्याच्याशी भांडूनही येतो आणि घरी जाताना पीठ घेऊन जातो. पावती नाही, काही नाही. पूर आल्यापासून ते थांबले. बायका डब्याला हात लावून उभ्या राहू लागल्या. "ठेवून जा ना ताई," म्हटले तर "नको, थांबते," म्हणायच्या. त्या दोन शब्दांनी दशरथला रात्री झोप लागत नसे. ज्या गिरणीत कोणी डबा ठेवून जात नाही ती गिरणी कसली?

म्हणून यंदा उन्हाळ्यातच त्याने कंबर कसली. भिंतीलगत लोखंडी माळा करून घेतला. मोटर उचलायला तुळईला साखळी आणि कप्पी टांगली. दाराला फळ्या बसवायच्या खाचा पाडल्या, वाळूची पोती भरून ठेवली. अनंत सर निवृत्त शिक्षक. शाळा सुटली तरी शेरे मारायची सवय सुटली नव्हती. त्यांनी सगळे बघून विचारले, "दशरथराव, गिरणी चालवताय की गलबत बांधताय?"

पण डबे पुन्हा राहू लागले. सर्वात आधी सरांचाच राहिला.

मग पाऊस लागला आणि एकापाठोपाठ दोन इशारे आले. दोन्ही वेळा दशरथने गिरणी थांबवली, मोटर वर टांगली, डबे माळ्यावर चढवले, दार लावले. दोन्ही वेळा नदी मुकाट्याने पुलाखालून निघून गेली. लोकांच्या घरी पोळ्या अडल्या. काही डबे पुढच्या चौकातल्या गिरणीकडे वळले ते वळलेच. "पाणी आलं नाही, आणि पीठही आलं नाही," सर म्हणाले होते.

आज पुन्हा बंद केली आणि पुन्हा काहीच झाले नाही, तर उरलेलेही जाणार. आणि आज आलेच पाणी तर? दशरथला काही सुचत नव्हते. शिवाय अर्धे दळण चक्कीत सोडायचे नाही, ही त्याच्या धंद्याची रीत. घेतलेला दाणा पुरा करायचा. उरलेला गहू दगडात अडकून दुसऱ्याच्या पिठात जाणे म्हणजे त्याच्या लेखी चोरीच.

त्याने चक्की चालू ठेवली. दाराला फळ्या लावल्या, बाहेरून पोती रचली. गोदाबाई एकेक डबा वर देत राहिली. सरांचे पीठ पडून झाले, झाकण लागले, तो डबाही माळ्यावर गेला. दशरथने खटका पाडला, पाना घेतला आणि मोटरच्या नट-बोल्टना भिडला. पहिला बोल्ट निघतो न निघतो तोच त्याच्या पावलांना गार लागले.

दारातून थेंबभर पाणी आत येत नव्हते. पाणी कोपऱ्यातल्या मोरीतून वर येत होते, काळे आणि बुडबुडे काढत. त्याने सगळी तयारी दाराची केली होती. मोरीला बूच मारायचे त्याच्या डोक्यातही आले नव्हते. आणि दार असे घट्ट बंद झाले होते, की आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाटच उरली नव्हती.

दुसरा बोल्ट गंजलेला होता. पाणी गुडघ्याला आले तरी तो पाना सोडीना. शेवटी गोदाबाईने त्याचे मनगट धरले. "सोडा. मोटर परत मिळंल," ती म्हणाली. दोघे फळ्यांवरून बाहेर पडून शेजारच्या इमारतीच्या जिन्यावर जाऊन बसले. दशरथ रडला. गोदाबाईने त्याला रडू दिले.

पाणी उतरल्यावर गाळ्यात चिखल होता आणि चिखलात मोटर. माळ्यावरचे डबे कोरडे ठणठणीत होते. लोक आले, झाकणे उघडून बघितली, बरे वाटले म्हणाले आणि आपापला डबा घेऊन गेले. माळा रिकामा झाला.

अनंत सर शेवटी आले. त्यांनी पिठात बोट घालून बघितले. मग तुळईला लोंबणाऱ्या साखळीकडे नजर गेली.

"एवढी साखळी बांधली होतीत ना? मग मोटर का नाही उचलली?"

"राहिली, सर."

"तुमचं दळन व्हतं चक्कीत," गोदाबाई म्हणाली. "ते पुरं करंस्तवर राहिली."

"गप गं," दशरथ ओरडला.

सरांनी डब्याचे झाकण लावले. डबा उचलून ते निघून गेले.

दशरथ बायकोवर भडकला. आता सरही तुटले, हा माणूस आपल्याकडे परत कशाला येईल, असे बडबडत तो फावड्याने चिखल ओढत राहिला. मोरी धुऊन गोदाबाई त्यात चिंधीचा बोळा ठोकत होती.

ऊन कलले तेव्हा सर पुन्हा दारात उभे होते. हातात तोच डबा, आणि त्याच्या वजनाने एका अंगाला झुकलेले. या वेळी डब्यात गहू होता.

"सर, मोटर दुरुस्तीला जायची हाय. कधी येईल सांगता येत नाही. तुम्ही पुढच्या चौकात…"

"कधी येईल, असं मी विचारलं का?"

त्यांनी डबा ओल्या पायरीवर टेकवला, मग पुन्हा उचलला, त्याचे बूड रुमालाने पुसले आणि दशरथच्या हातात दिला.

"वर ठेवा. मी भाजी घेऊन येतो," म्हणाले आणि मागे न बघता गल्ली चढू लागले.

दशरथ शिडीवर चढला. गोदाबाईने खालून शिडी धरली. रिकाम्या माळ्यावर त्याने तो डबा अगदी आत, भिंतीला टेकवून ठेवला.