मुका पट्टा

पट्टा कुठलाही असो, तुटायच्या आधी तो बोलतो, यावर हिरालालचा देवाइतकाच विश्वास होता. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये त्याने अडतीस वर्षं फिटरचं काम केलं. मोटरवरून शाफ्टवर, शाफ्टवरून भात सडणाऱ्या हॉलरवर, हॉलरवरून चाळणीवर असे लांबलचक सपाट पट्टे दिवसभर फिरायचे आणि त्यांच्यामधून हिरालाल हात मागे बांधून, मान जराशी तिरपी करून हिंडायचा. मधेच थांबायचा. "तिसरा सरकते, राळ लावा," म्हणायचा, नाहीतर, "हा पोळ्यापर्यंत नाही टिकत." आणि पोळ्याच्या आठवड्यात तो पट्टा खरोखर जायचा. निवृत्तीच्या दिवशी शेठने हार घालून भाषणात सांगितलं होतं की मशीन चुकेल, पण हिरालालचा कान चुकणार नाही. त्या समारंभाचा फोटो मुर्री गावातल्या त्याच्या घरात, दरवाजातून आत आलं की पहिला दिसेल असा लावलेला होता.

त्यामुळे घरात पट्ट्याचा विषय निघाला तेव्हा धाकटी लेक आचल निश्चिंत होती. तिला इटियाडोह धरणाच्या अलीकडच्या ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. बसच्या वेळा ड्यूटीशी जुळत नव्हत्या म्हणून नागपूरच्या भावाने, देवानंदने, आपली बारा वर्षांची जुनी कार तिला देऊन टाकली. रोज एवढं अंतर, त्यात मधला रस्ता जंगलाचा, आणि त्या भागात मोबाइलला टॉवर नाही. गाडी शिकवणाऱ्या बाईंनी तिला बजावलं होतं की इंजिनात एक टायमिंगचा पट्टा असतो, जुन्या गाडीत तो कधी बदलला ते आधी विचारून घे, चालत्या गाडीत तुटला तर इंजिन गेलं समज. त्यातून गाडी रोज सकाळी सुरू करताना पुढून 'चीं' असा बारीक आवाज यायचा.

"पट्ट्याचं तर आमच्या घरीच विद्यापीठ आहे," आचल त्यांना म्हणाली होती.

शुक्रवारी सकाळी अंगणात तिने गाडी सुरू केली. हिरालालने बोनेट उघडलं, लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. मिलमध्ये तो बेअरिंग असेच ऐकायचा. इंजिनाची जाड घरघर त्याच्या कानात उतरली. त्यात खोट नव्हती.

"येते का चीं, बाबा?" आचलने सीटवरून ओरडून विचारलं.

हिरालालने मान तिरपी केली. पेचकस इकडे लावला, तिकडे लावला. बाजूच्या बांबूच्या कुंपणावर चिमण्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

"येते," तो म्हणाला. "ते काही नाही. पट्टा चांगला आहे. दोन वर्सं पाहाचं काम नाही."

आचलने गाडी बंद केली आणि आनंदाने कामाला लागली. हिरालाल मात्र पेचकस हातात धरून तसाच उभा राहिला, कारण त्याला चीं ऐकूच आली नव्हती.

ही गोष्ट जगात आपल्याशिवाय कोणालाच माहीत नाही, असा त्याचा समज होता. दोन वर्षांपासून एकेक बारीक आवाज त्याला सोडून चालला होता. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग मोबाइलची घंटी. जाड आवाज तेवढे शाबूत होते. बस ऐकू यायची, म्हैस ऐकू यायची, शेजारचं भांडण तर पार शब्दांसकट ऐकू यायचं. त्यामुळे निभावून जात होतं.

त्याची बायको मंदाबाई जुन्या वळणाची होती, नवऱ्याचं नाव घेणारी नव्हती. चाळीस वर्षं तिची हाक एकच, "अजी, ऐकता का?" पण अलीकडे ती लांबून हाक न मारता जवळ यायची, खांद्यावर हात ठेवायची आणि मग काय ते बोलायची. हिरालालला वाटलं, म्हातारपणी बायकोला माया फुटली. त्याला ते मनातून फार आवडलं होतं.

दिवसभर ते खोटं त्याला घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं. पण त्याच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं आणि ते होतं निव्वळ कुतूहल. अडतीस वर्षांत त्याच्या हाताखालून नाही नाही ते पट्टे गेले होते, कातड्याचे, कॅनव्हासचे, रबराचे. हा मात्र झाकणाच्या आत लपून बसणारा, घुंगटातल्या नवरीसारखा. तो असतो कसा, फिरतो कसा, आणि मुख्य म्हणजे बोलतो कसा? शनिवारी सकाळी हिरालालने सायकल काढली आणि जागेश्वरचं गॅरेज गाठलं.

जागेश्वर एकेकाळी मिलमध्ये हिरालालच्या हाताखाली होता. आता गोंदियाच्या रस्त्यावर त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, पण हिरालाल दिसला की तो अजूनही हात पुसून उभा राहायचा.

"उस्ताद, तुमी? फोन कराचा होता, मी आलो असतो."

"काही नाही. तो टायमिंगचा पट्टा मले पाहाचा होता. एकदा दाखव."

टेबलावर एक इंजिन खोलून ठेवलेलं होतं. जागेश्वरने त्याच्यावरचा पट्टा काढून उस्तादाच्या हातात दिला. बोटभर रुंदीचा, काळा, आणि आतल्या बाजूने ओळीने दात. हिरालालने एकेका दातावरून अंगठा फिरवला. मग तो चाकावर चढवून पाहिला. दात बरोबर चाकाच्या खाचेत बसले.

"आता सांग," तो म्हणाला, "तुटाच्या आधी हा कसा बोलते?"

"नाही बोलत, उस्ताद."

"कायले नाही बोलत? पट्टा आहे ना तो?"

हिरालालने पट्टा पुन्हा चाकावरून फिरवला, पुढे, मागे, पुन्हा पुढे. मिलचा पट्टा चिरकायचा तो कशामुळे? सैल झाला की पुलीवरून सरकायचा, म्हणून. आणि हा?

"हा सरकतच नाही," हिरालाल सावकाश म्हणाला. "दातानं धरून ठेवते. सरकत नाही म्हणून चिरकत नाही."

"बराबर."

"म्हणजे बोळका पट्टा दिवसभर बडबड करते, अन् दातवाला मुका राहते."

"घरोघरी तसंच आहे, उस्ताद," जागेश्वर म्हणाला, आणि खालचे चार दात गेलेला हिरालाल मोकळेपणी हसला.

"मंग तो जानार हे समजते कसं?"

"समजत नाही. एका दिवशी दात सोडते, नाही तं तुटते. वरून व्हॉल्व्ह येते, खालून पिस्टन येते, दोघाची टक्कर. इंजिन खतम. म्हणून आयकाचं नाही, तारीख पाहाची. तुमच्या गाडीले एक लाख किलोमीटर नाही तं सात वर्सं, जे आधी येल ते. देवानंदनं कधी बदलला?"

"त्यानं जुनी घेतली तवापासून आठ वर्सात तेलाशिवाय काही बदललं नाही, त्यानंच सांगितलं. त्याच्या आधीचं कोनाले मालूम नाही. चालली एकसष्ट हजार."

"किलोमीटरनं टाइम आहे. वर्सानं गेलं. रबर आहे, उस्ताद, उभ्या गाडीत बी म्हातारं होते."

"अन् ते सकाळी चीं वाजते ते?" आवाज रोज ऐकणाऱ्या माणसाच्या थाटात हिरालालने विचारलं.

"ते बाहेरच्या पट्ट्याचं. बॅटरी चार्ज करते ना, तो. त्याले असे दात नाही, म्हणून बोलते. दोन्ही बदलून टाकू. पन आतला नागपूरवरून मंगळवारी येल. तवापर्यंत आचलले लांब नको जाऊ देजा."

परत जाताना हिरालालची सायकल हलकी चालत होती. जगात असाही एक पट्टा आहे, ज्याच्यापुढे तिखट कानाचा आणि बहिरा सारखेच! आपलं काही उघडं करायची गरजच नव्हती. पट्टा मुका आहे, तारीख उलटली आहे, बदलून घेऊ, एवढं सांगितलं की झालं. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

पण घरी गोष्ट इतकी सरळ गेली नाही.

"मंगळवारपर्यंत?" आचल म्हणाली. ती पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होती, गाडीची चावी बाजूलाच पडली होती. "पहिल्याच दिवशी उशिरा जाऊ? बस तिथं साडेनवाले पोचते, ड्यूटी आठची आहे. काल तर तुम्हीच ऐकून सांगितलं, दोन वर्षं पाहायचं काम नाही."

"तो पट्टा कोनालेच ऐकू येत नाही, बाई. त्याले दात असतात."

"कोणाला येत नसंल. तुम्हाला येते. मी लहानपणापासून पाहून राहिली. जागेश्वरभाऊचं काय, त्याले काम पाहिजे. तुमचा कान त्याच्या तारखेपेक्षा पक्का आहे."

तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. आपल्याच फोटोचा हिरालालला त्या क्षणी राग आला. हार गळ्यात, मान तिरपी, आणि चेहऱ्यावर काय तो तोरा. लेक त्या फोटोच्या भरवशावर जंगलात निघाली होती. टॉवर नसलेल्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी त्याला दिसली, बोनेट उघडून उभी राहिलेली आचल दिसली, आणि बाबांनी ऐकलं होतं तरी असं कसं झालं, हा तिच्या चेहऱ्यावरचा प्रश्नही दिसला.

"आचल," तो म्हणाला, "मले काही ऐकू नाही आलं."

"काय?"

"काल. ती चीं. तू विचारलं तं मी हो म्हटलं. खोटं बोललो." एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. "कुकरची शिट्टी नाही येत, फोन नाही येत, चिमन्या नाही. दोन वर्सं झाले. कोनाले सांगितलं नाही. माह्या कानावर जाऊ नको, माय. जागेश्वर सांगते ते कर."

आचलने इस्त्री उभी करून ठेवली. ती काही बोलायच्या आधी मंदाबाई आतून सूप घेऊन बाहेर आली, हिरालालच्या अगदी जवळ येऊन बसली, आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

"तुले कोनं सांगितलं?"

"कोन सांगल? चाळीस वर्सं मी तुमाले 'ऐकता का' म्हणून आवाज देल्ला. दोन वर्सं झाले, देत नाही. काऊन देत नाही, कधी विचारलं?"

हिरालालने विचारलं नव्हतं. पट्ट्याचा आवाज केसभर बदलला तरी ज्याची झोप उडायची, त्या माणसाच्या घरातली चाळीस वर्षांची हाक बंद झाली होती आणि त्याला पत्ता नव्हता. त्याला भयंकर लाज वाटली. खांद्यावरचा हात मात्र तसाच होता.

"मंग बोलली कायले नाही?"

"तुमी लपवून राहिले होते. मी कायले उघडं पाडू?" असं म्हणून मंदाबाई तांदूळ पाखडायला लागली.

आचलने डोळे पुसले आणि तिच्यातली टेक्निशियन जागी झाली. तिच्या दवाखान्यात दर गुरुवारी कानाचे डॉक्टर येतात, रुजू व्हायच्या आधीच तिने सगळं विचारून ठेवलं होतं. "गुरुवारी तुम्ही माझ्यासोबत याचं," ती म्हणाली. "तुमचंही झाकण एकदा उघडून पाहू."

सोमवारी ती उशिराच्या बसने गेली आणि पहिल्याच दिवशी थोडी बोलणी खाऊन आली. बुधवारी जागेश्वरने गाडी घेतली. झाकणाचे बोल्ट हिरालालने स्वतःच्या हाताने काढले. आतून जुना पट्टा निघाला तो काळाभोर, गुळगुळीत. भेग नाही, दात हललेला नाही.

"अजून किती चालला असता?" हिरालालने विचारलं.

"कोन सांगल, उस्ताद? तीन वर्सं, नाही तं येत्या सोमवारपर्यंत."

सवयीने हिरालालने पट्टा कानाजवळ नेला, आणि मग स्वतःशीच हसून तो जागेश्वरकडे परत दिला. आतला आणि बाहेरचा, दोन्ही नवे पट्टे चढल्यावर जागेश्वरने झाकणावर पांढऱ्या रंगाने आजची तारीख आणि किलोमीटर लिहून टाकले.

गुरुवारी सकाळी आचलने गाडी सुरू केली. हिरालाल धुतलेला शर्ट घालून बाजूच्या सीटवर बसला होता.

"गेली का चीं?" त्याने विचारलं.

"गेली, बाबा."

"पक्कं?"

"पक्कं."

अडतीस वर्षं काय वाजतंय ते तो लोकांना सांगत आला होता, आणि आज दुसऱ्याच्या शब्दावर त्याने मान हलवली. वाटलं होतं तितकं ते जड गेलं नाही.

मंदाबाई फाटकाशी उभी होती. काहीतरी बोलली. इंजिनाच्या घरघरीत हिरालालला एक अक्षरही ऐकू आलं नाही, पण तिच्या ओठांवरचे पहिले शब्द त्याने ओळखले. चाळीस वर्षांचे शब्द, त्यांना कान कशाला लागतो? दोन वर्षांनी ती पुन्हा 'ऐकता का' म्हणत होती.

हिरालालने काच खाली केली. शेजारचा बिसराम दात घासत कुंपणाशी उभा होता, त्याच्याकडे हिरालालने एकदा पाहिलं आणि मग त्याच्याही कानावर जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला, "जवळ ये ना. मले ऐकू येत नाही."

मंदाबाई आली. खिडकीतून आत हात घालून तिने त्याच्या खांद्यावर ठेवला.

"म्हटलं, येतानी सिंगाडे आना," ती म्हणाली. "तलावावर ताजे भेटते."