आधी लग्न, मग ओळख

मी एका जुन्या बोलपटाचं सातवं रीळ बोलतोय. सातवं म्हणजे शेवटचं! सहाव्यात भांडण होतं आणि नायिका टांग्यात बसून निघून जाते. मग मी लागतो, ती परत येते, लग्न लागतं, सगळे गातात. इतकं सोपं आहे हो. पण मुखेडच्या बाजारात आलो आणि माझं वाटोळं झालं.

तिथं तंबूत खेळ लागला. पहिल्याच रिळात ती दोघं बागेत गाऊ लागली, तशी वडीलधारी मंडळी उठली. "लग्नाआधी असलं? आमच्या लेकी-सुना बसल्यात हितं!" तंबूवाले गुरुपादप्पा भला माणूस. त्यांनी मशीन थांबवलं आणि मलाच आधी लावलं. टांग्यातून नवरी आली, अक्षता पडल्या, मग बागेतली गाणी. गाव खूश! पुढं तीच रीत पडली. टांगा गेला की खेळ संपला. गावाला वाटायचं, लग्नाची बायको नवऱ्याला टाकून गेली.

त्या गर्दीत नवी नवरी धोंडाबाई होती. "चूक त्या मेल्याची हाय," ती म्हणाली. "न्हाई, तिची," तिचा नवरा व्यंकट म्हणाला. झालं! बोलणंच बंद. चार लेकरं झाली, नातवंडं झाली, पण बोलायचं ते म्हशीशी. "म्हशे, सांग ह्यांना, भाकर वाढलीया." ह्या पापाचा धनी मी! पासष्ट वर्षं ट्रंकेत पडून एकच घोकत होतो, एकदा तरी मला माझ्या जागी लावा.

यंदा गुरुपादप्पांच्या नातीनं, वैष्णवीनं, ती ट्रंक उघडली. ती नांदेडला कॉलेजात शिकवते. तिनं मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या आणि आम्हा रिळांना डब्यांवरच्या आकड्यांप्रमाणं मशीनवर चढवलं. टांगा गेला. म्हातारी मंडळी चपला शोधू लागली. अहो, थांबा! मी आहे अजून!

मी लागलो. टांगा माघारी आला.

धोंडाबाई उभीच राहिली. "आली! परत आली की!" आणि थेट व्यंकटरावांकडं वळली. "बघितलं का वो? चूक त्याची, तरी बी आली."

बायको आपल्याशी बोलली! बिचाऱ्याचे डोळे भरून आले. "न्हाई," ते कसंबसं म्हणाले, "चूक तिचीच."

माझ्यातलं लग्न कुणी बघेना. सगळं कार्यालय त्या दोघांकडंच बघत होतं. भांडत भांडतच ती दोघं बाहेर पडली. पायरी उंच होती, तेव्हा व्यंकटरावांनी तिचा हात धरला.

माझ्या कडा आता फाटल्यात. अजून एखादा खेळ निभेल. तेवढा लावाच, पण मला शेवटी लावा. आणि पुढच्या दोन खुर्च्या राखून ठेवा, त्यांचं अजून मिटलेलं नाही.